अनोळखी विमान हातात घेण्याआधी : नव्या वैमानिकांसाठी

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नाहीतर थेट अमेरिका किंवा न्यूझीलंड. शिकलात कुठेही, तरी बहुतेक तास एका किंवा फार तर दोन प्रकारच्या विमानांवर झालेले असतात. दोनशे तास पूर्ण होतात, परवाना मिळतो आणि मग कधीतरी कुणीतरी वेगळ्याच विमानाची किल्ली पुढे करतं. मित्राचं पायपर असतं, क्लबात नवीन आलेलं डायमंड असतं किंवा परदेशात तासाभरासाठी भाड्याने मिळणारं सिरस असतं. विमान छोटंच असतं, एकच इंजिन, चार खुर्च्या. ‘उडवता येतंच की’ असं वाटतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठलंही छोटं विमान उडवता येतं. प्रश्न येतो तो काहीतरी बिघडल्यावर. तेव्हा डोकं विचार करायच्या आधी हात हलतात आणि हातांना जुनं विमान पाठ असतं.

ज्यांनी पूर्वी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. स्प्लेंडरवर वाढलेला माणूस ती गल्लीत नीट चालवायचा, पण समोर कुत्रं आडवं आलं की उजवा पाय दाबायचा आणि ब्रेकऐवजी गिअर पडायचा.

विमानाच्या बाबतीत याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर याचा अपघात. दिवस होता १२ ऑक्टोबर १९९७. डेन्व्हर नवशिका नव्हता. त्याच्या खात्यावर सत्तावीसशेहून जास्त तास होते आणि तो लिअरजेटही उडवायचा. त्याने नुकतंच एक लाँग-ईझी विकत घेतलं होतं. पुढे छोटे पंख, मागे पंखा आणि सगळं अंग फायबरग्लासचं, असं हे घरी बांधायचं विमान. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याला या विमानाची साधारण अर्ध्या तासाची ओळख करून देण्यात आली होती, तेवढीच.

मूळ आराखड्यात इंधनाच्या टाक्या बदलण्याचा खटका वैमानिकाच्या पुढ्यात, हाताशी होता. हे विमान बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेऊन बसवला होता. हेतू चांगला होता : इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत. पण खटक्यावर कुठल्याच खुणा नव्हत्या. इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्याही मागच्या बाजूला होत्या, त्यामुळे वैमानिकाच्या जागेवरून त्या सरळ दिसत नसत. उड्डाणापूर्वी तिथल्या तंत्रज्ञाशी याबद्दल बोलणं झालं होतं आणि नळ्या बघता याव्यात म्हणून एक आरसाही देण्यात आला. इंधन भरायचं का असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला, तासभरच उडायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावर त्याने काही टच-अँड-गो (उतरून न थांबता पुन्हा उडणं) केले, मग तो समुद्राकडे निघाला. काही मिनिटांतच विमान पॅसिफिक ग्रोव्हजवळ पाण्यात कोसळलं.

तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेचा निष्कर्ष असा होता : टाकी बदलण्यासाठी मागे वळताना त्याचं लक्ष विमानावरून उडालं, उजव्या पायाने नकळत रडर (विमानाची दिशा बदलणारं पॅडल) दाबला गेला आणि ताबा सुटला. बसल्या जागी अंग मागे वळवून बघा, उजवा पाय आपोआप पुढे रेटला जातो. इंधन न भरणं, खटक्याची अडचणीची जागा, खुणा नसणं, नव्या विमानावर पुरेसं प्रशिक्षण न घेणं, हे सगळं अहवालात आहे. त्यात इंजिन निकामी झालं असं कुठेही म्हटलेलं नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अपघातातून उलगडतात.

पहिली पायरी : कायद्याने चालतं म्हणून थांबू नका

अमेरिकेत एक इंजिन असलेल्या जमिनीवरच्या विमानाचं रेटिंग (परवान्यावरची पात्रतेची नोंद) एकदा मिळालं, की साडेबारा हजार पौंडांच्या आतलं, जेट नसलेलं जवळजवळ कुठलंही तसं विमान कायद्याने उडवता येतं. मागे चाक असलेल्या, घडीची चाकं असलेल्या किंवा दोनशे अश्वशक्तीच्या वरच्या विमानांसाठी इन्स्ट्रक्टरची वेगळी सही लागते, बाकी मोकळं रान. रेटिंगपुरतं बघितलं तर डेन्व्हरलाही लाँग-ईझी उडवायची मुभा होती.

भारतात परवान्यावर विमानाचा प्रकार नोंदवला जातो, त्यामुळे आपण जास्त सुरक्षित आहोत असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं. सेसना १७२ हेच नाव १९५६पासून चालत आलेलं आहे. त्यात कार्बोरेटरवालं आहे, फ्युएल इंजेक्शनवालं आहे, सहा घड्याळांचं आहे आणि दोन मोठ्या पडद्यांचंही. काहींना फ्लॅप (उतरताना खाली घ्यायच्या, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) चाळीस अंशांपर्यंत, काहींना तीसपर्यंतच. नोंद एकच असली तरी ही सगळी चुलत भावंडं आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत.

एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने अनोळखी विमानाकडे वळण्यावर २०११मध्ये स्वतंत्र सल्लापत्रक काढलं आणि २०१५मध्ये ते सुधारलं. फुकट मिळतं. घरी बांधलेल्या विमानांपुरतं ते आहे असं समजून बाजूला ठेवू नका.

दुसरी पायरी : एक पान, फक्त फरकांचं

पीओएच, म्हणजे त्या विमानाचं पुस्तक, मिळवा. शक्यतो त्याच विमानाचं, त्याच क्रमांकाचं, कारण मागाहून बसवलेल्या वस्तूंची पुरवणी त्यातच असते. मग वाचताना सारखेपणा शोधू नका. तो शोधायला मेंदूला फार आवडतं आणि धोका तिथेच आहे. एक कोरं पान घ्या. डावीकडे तुमचं जुनं विमान, उजवीकडे नवं. जिथे दोघांत फरक आहे तेवढंच लिहा.

सेसना १७२वरून पायपर चेरोकीकडे जाणाऱ्याचं पान साधारण असं होईल. पंख वर होते, आता खाली. इंधन आपसूक खाली यायचं, आता पंपाने ओढावं लागतं, म्हणून टेकऑफला, लँडिंगला आणि टाकी बदलताना विजेवरचा पंप चालू हवा. खटक्याला ‘दोन्ही’ अशी जागा होती, आता नाही. दोन दरवाजे होते, आता एकच, तोही उजवीकडे आणि त्याला दोन कड्या. फ्लॅपला विजेचा खटका होता, आता दोन खुर्च्यांमध्ये हाताने ओढायचा दांडा. जुन्या चेरोकीत तर ट्रिमचं (नाक वर-खाली धरून ठेवायला लागणारा जोर कमी करणारं) हँडल छताला असतं.

दरवाजाची वरची कडी विसरली की टेकऑफनंतर तो फटकन उघडतो आणि आत वाऱ्याचा गोंगाट माजतो. विमान तरीही उडत राहतं. माणसं मेली आहेत ती दरवाजा ओढून लावायच्या नादात वेगाकडे दुर्लक्ष करून. तुमच्या पानावर ‘दरवाजा उघडला : काही करायचं नाही, उडत राहा, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारून उतरा’ एवढं लिहिलेलं असू द्या.

तिसरी पायरी : इंजिन बंद, पट्टे आवळून अर्धा तास

ही पायरी फुकटची आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. हँगरमध्ये उभ्या विमानात जाऊन बसा. जसे उडणार तसेच बसा : खुर्ची पुढे घेऊन, लागत असेल तर उशी घेऊन आणि खांद्याचे पट्टे आवळून. डेन्व्हरच्या पाठीशी उशी होती, पाय पॅडलपर्यंत पोचावेत म्हणून. तिने खांद्यामागचा खटका आणखी दूर गेला. जमिनीवर पट्टे लावून एकदा हात नेऊन बघितला असता तर ही गोष्ट तिथेच कळली असती.

मग डोळे मिटा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला नावं घ्यायला सांगा : थ्रॉटल, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), इंधनाचा खटका, पंप, फ्लॅप, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा), पर्यायी स्टॅटिक (वेग-उंचीच्या घड्याळांना हवेचा दाब पोचवणारी दुसरी वाट), दरवाजाची कडी, अग्निशामक. तुमचा हात न चाचपडता तिथे गेला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांकडून हे डोळे बांधून करून घेतलं जायचं.

त्याच युद्धातली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बी-१७ बॉम्बर विमानं उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप वर घ्यायला जायचे आणि चाकं वर घ्यायचे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, की दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी-शेजारी आहेत. चूक वैमानिकांच्या निष्काळजीपणाची नव्हतीच. त्याने एकाला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचर चिकटवली. आज छोट्या विमानांतही चाकांच्या खटक्याला गोल चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला पंखाचा आकार असतो, त्याचं मूळ हे.

पण आकार सारखा झाला तरी जागा सारखी झाली नाही. बीचक्राफ्टच्या जुन्या बोनान्झा आणि बॅरनमध्ये चाकांचा खटका उजवीकडे आणि फ्लॅपचा डावीकडे आहे, म्हणजे बाकीच्या विमानांच्या बरोबर उलट. धावपट्टीवर धावताना घाईने ‘फ्लॅप वर’ करणाऱ्यांनी त्यात चाकं मिटून घेतल्याचे प्रकार वर्षानुवर्षं घडत राहिले. यावर उपाय साधा आहे : उतरल्यावर धावपट्टी सोडून पूर्ण थांबेपर्यंत कुठल्याही खटक्याला हात लावायचा नाही. ही सवय आधीपासून, सेसनातच लावून घ्या.

सिरसमध्ये बसणार असाल तर वर बघा. छताला विमानाच्या पॅराशूटचं लाल हँडल आहे आणि उड्डाणापूर्वी त्याची सुरक्षा पिन काढायची असते. सेसनावर शिकलेल्याचा हात संकटात छताकडे कधीच जाणार नाही. तो मुद्दाम न्यायला शिकवावा लागतो.

चौथी पायरी : इंधन, इंधन आणि पुन्हा इंधन

टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडणं वेगळं, आणि एका टाकीत भरपूर इंधन असताना दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर खटका राहून इंजिन बंद पडणं वेगळं. नव्या विमानात दुसऱ्या प्रकाराची भीती जास्त असते.

सेसना १५२ला इंधनाचा खटका म्हणजे निव्वळ चालू-बंद. १७२मध्ये ‘दोन्ही’वर ठेवलं की विसरता येतं. चेरोकीत दर अर्ध्या तासाने डावी-उजवी करावी लागते आणि खटका वैमानिकाच्या डाव्या पायाजवळच्या भिंतीवर असतो. म्हणजे इंजिन गुरगुरायला लागलं की १७२वाला मिक्श्चर पुढे करील, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका) ओढेल आणि ‘आता काय’ म्हणून बघत बसेल. चेरोकीवाल्याने सर्वांत आधी टाकी बदलायला हवी आणि पंप लावायला हवा. तुमच्या नव्या विमानात इंजिन गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करायचं, ते मोठ्याने म्हणून पाठ करा. मनातल्या मनात म्हटलेलं पाठ होत नाही.

काही गोष्टी पहिल्या उड्डाणाआधी माहीत हव्यातच :

– एकूण इंधन नाही, तर वापरता येणारं इंधन किती. १५२च्या साध्या टाक्यांमध्ये ते २४.५ अमेरिकी गॅलन म्हणजे जेमतेम ९३ लिटर आहे.
– इंधनाचं घड्याळ कशात मोजतं. लिटर, गॅलन, पौंड की किलो? एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर आणि एक गॅलन ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) म्हणजे साधारण सहा पौंड.
– कुठलं इंधन. डायमंड डीए-४०च्या डिझेल इंजिनाला जेट इंधन लागतं, त्याच डीए-४०च्या दुसऱ्या प्रकाराला ॲव्हगॅस. टँकरवाल्याला दोन्ही सारखीच दिसतात. इंधन भरताना स्वतः उभे राहा.
– काठी बुडवून टाकी बघता येते का. येत असेल तर घड्याळावर विश्वास ठेवू नका.

आणि पहिल्या काही उड्डाणांना टाक्या भरून जा. वजनामुळे भरता येत नसतील तर माणूस कमी करा. डेन्व्हरला तासभरच उडायचं होतं, हे विसरू नका.

पाचवी पायरी : आकडे स्वतःच्या हाताने काढा

नव्या विमानाचा स्टॉल वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत), ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा) वेग, अप्रोचचा (धावपट्टीकडे उतरत येण्याचा) वेग आणि फ्लॅपचा कमाल वेग, हे चार आकडे पाठ हवेत. १५२चा ग्लाइड साठ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल), १७२एसचा अडुसष्टवर, पायपर वॉरियरचा त्र्याहत्तरवर. फरक छोटा वाटतो, पण इंजिन बंद असताना हाच फरक शेत गाठणं आणि विहिरीत पडणं यांतला ठरू शकतो.

एक सापळा बरेच जण विसरतात. सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीच्या अनेक सेसनांमध्ये वेगाचं घड्याळ नॉटमध्ये नसून ताशी साध्या मैलांमध्ये असतं. ६५ नॉटवर अप्रोच करायची सवय असलेल्याने तिथे ६५वर काटा ठेवला की प्रत्यक्षात वेग ५६-५७ नॉटच असतो. अशा विमानात बसताना घड्याळावरचं एकक आधी वाचा.

मग वजन आणि धावपट्टी. चार खुर्च्या म्हणजे चार माणसं नेता येतात असं नाही. लोड शीट (वजनाचा तक्ता) स्वतः भरा, क्लबातल्या मुलाने भरून ठेवलेली नुसती तपासू नका. उन्हाळ्याचा हिशेब आपल्याकडे तर फारच महत्त्वाचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण १,९४० फूट उंचावर आहे. तिथे प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास असायला हवं. मे महिन्यात पारा चाळीसवर गेला की ढोबळ हिशेबाने विमानाला आपण ५,४०० फुटांवर आहोत असं वाटतं. दमट किनाऱ्यावर शिकलेल्याला हे पुस्तकात माहीत असतं, पण नवं, जड विमान धावपट्टी संपत आली तरी उठत नाही तेव्हा ते पोटात जाणवतं. पुस्तकातलं टेकऑफचं अंतर काढा आणि त्यात निम्म्याची भर घाला. पुस्तकातले आकडे नव्या कोऱ्या इंजिनावर कंपनीच्या वैमानिकाने मिळवलेले असतात.

सहावी पायरी : समोरची घड्याळं वाचायला शिका

३ फेब्रुवारी १९५९ला मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या आयोवातल्या मेसन सिटीहून एक बोनान्झा उडालं आणि काही मिनिटांतच क्लिअर लेकजवळच्या शेतात आपटलं. त्यात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक आणि एकवीस वर्षांचा वैमानिक गेले. रात्र, बर्फ, डोळ्यांना क्षितिज नाही आणि वैमानिकाला इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या घड्याळांवर उडण्याची पात्रता) नाही. मुख्य कारण तेच. पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. विमानाचं नाक वर आहे की खाली, हे दाखवणारं स्पेरी कंपनीचं जे यंत्र त्यात होतं, ते नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या उलट चित्र दाखवायचं. वैमानिकाला सवय होती नेहमीच्या क्षितिजाची. चौकशी मंडळाने या अनोळखी यंत्राची कारणांमध्ये नोंद केली.

ते यंत्र आता कुठे दिसणार नाही, पण प्रश्न तोच आहे. काट्यांच्या घड्याळांवर शिकलेला माणूस पडद्यासमोर बसतो तेव्हा वेग आणि उंची पट्ट्यांवर सरकताना दिसतात, आणि ‘काटा कुठे आहे’ हे एका नजरेत कळायची सोय जाते. एनटीएसबीने २०१०मध्ये पडद्यांच्या छोट्या विमानांचा अभ्यास केला. त्यात एकूण अपघातांचं प्रमाण कमी निघालं, पण जीवघेण्या अपघातांचं जास्त. पडद्यांनी विमान आपोआप सुरक्षित होत नाही, एवढं तरी त्यावरून दिसतं.

तेव्हा विमान उभं असतानाच, बाहेरून वीज जोडून पडदा चालू करा आणि बोटांना बटणं शिकवा. हवेत रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मेनू शोधत बसणं म्हणजे डेन्व्हरसारखंच मागे वळून बघणं आहे.

बाहेरची वीज जोडायची असेल तर पुस्तकातला तो भागही वाचा. ४ मार्च २००७ला जर्मनीतल्या श्पायर इथे एका दोन इंजिनांच्या डायमंड डीए-४२ विमानाची बॅटरी बसलेली होती, म्हणून इंजिनं बाहेरच्या विजेवर चालू केली गेली. टेकऑफनंतर चाकं मिटताना विजेचा दाब क्षणभर खाली आला, दोन्ही इंजिनांचे संगणक पुन्हा सुरू व्हायला गेले आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद पडली. जुन्या सेसनात बॅटरी मेली तरी मॅग्नेटोवर इंजिन चालूच राहतं. त्या समजुतीवर वाढलेल्या वैमानिकाला हे सुचणंच अवघड.

सातवी पायरी : इन्स्ट्रक्टर त्या विमानाचा हवा

‘सीएफआय (इन्स्ट्रक्टर) आहे’ एवढं पुरत नाही. त्या प्रकारावर, शक्यतो त्याच उपप्रकारावर त्याचे तास आहेत का ते सरळ विचारा. विचारायला संकोच वाटतो, आपल्याकडे तर जास्तच : सरांना कसं विचारायचं? विचारा. चांगला इन्स्ट्रक्टर रागावत नाही.

पहिलं उड्डाण सर्किटमध्ये करू नका. आधी जमिनीपासून तीन-चार हजार फूट वर जा आणि तिथे विमानाचा स्वभाव बघा : हळू उडवणं, फ्लॅपशिवाय स्टॉल, फ्लॅपसह स्टॉल, वळणात स्टॉलची सुरुवात, तीव्र वळणं, आणि पॉवर पूर्ण मागे ओढून ग्लाइड. शेवटचं फार शिकवून जातं. काही विमानं हलकी आणि वाऱ्याला अडणारी असतात. त्यांची पॉवर गेली की वेग लगेच मरतो, नाक ताबडतोब खाली घालावं लागतं. काही जड आणि गुळगुळीत असतात, ती हळू व्हायलाच तयार नसतात आणि धावपट्टीवर तरंगत निम्मी पट्टी खातात. आपलं विमान कुठल्या घरचं आहे, हे वर कळलं पाहिजे, खाली नाही.

त्यानंतर सर्किट. नुसत्या उतरण्यांवर भर देऊ नका, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) जास्त करा. चाळीस अंश फ्लॅप लावलेल्या जुन्या १७२मधून गो-अराउंड करताना ट्रिम आणि फ्लॅप यांच्याशी जी झटापट होते, ती पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच झालेली बरी. फ्लॅपशिवाय उतरणं, आडव्या वाऱ्यात उतरणं, आणि एकदा तरी पूर्ण वजनाने.

जमिनीवरचं वागणंही शिका. डायमंड आणि सिरसचं पुढचं चाक पॅडलला जोडलेलं नसतं, दिशा ब्रेकने धरावी लागते. सेसनाच्या सवयीने पाय ब्रेकवर राहिला की टेकऑफची धाव लांबते आणि ब्रेक तापतात. शेपटीला चाक असलेल्या विमानांचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, त्यामुळे उतरल्यावर थोडं वाकडं झालं की ते आणखी वाकडं व्हायला बघतं. तिथे विमान बांधून ठेवेपर्यंत उड्डाण संपत नाही.

जेट घेऊ शकणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. न्यूयॉर्क यांकीजचा बेसबॉलपटू थर्मन मन्सन २ ऑगस्ट १९७९ला ओहायोतल्या ॲक्रन-कँटन विमानतळावर काही आठवड्यांपूर्वीच घेतलेल्या सेसना सायटेशनवर सर्किटचा सराव करत होता. चाकं उशिरा बाहेर आली, हवेची ओढ वाढली, वेग घटत गेला आणि तो वेळेत सावरला नाही. चेकलिस्ट नीट वापरली नव्हती. तो गेला, सोबतचे दोघे वाचले. रेटिंग त्याच्याकडे होतं.

आठवी पायरी : एका वेळी एकच नवी गोष्ट

सही मिळाली, आता एकट्याने. इथे स्वतःला बंधनं घालून घ्या आणि ती लिहून ठेवा, कारण मनातली बंधनं मित्रांसमोर वितळतात. पहिले दहा-पंधरा तास दिवसा, स्वच्छ हवेत, ओळखीच्या धावपट्टीवर, हलक्या वाऱ्यात आणि प्रवाशांशिवाय. विमान नवं असेल तर मार्ग जुना ठेवा. मार्ग नवा असेल तर विमान जुनं घ्या. रात्र, पाणी, धुकट हवा यांतलं काहीही नव्या विमानाच्या जोडीला नको.

अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनिअर १६ जुलै १९९९ला रात्री धुरकट हवेत समुद्रावरून पायपर साराटोगा नेत होता. एकूण अनुभव सुमारे ३१० तास. या विमानावर साधारण ३६ तास, पण इन्स्ट्रक्टरशिवाय त्यातले फक्त तीनेक. मार्था’ज व्हिनयार्डजवळ त्याला दिशाभ्रम झाला आणि पत्नी व मेहुणीसह तो समुद्रात कोसळला. नुसतं विमान जड आणि वेगवान असतं तर कदाचित निभावलं असतं. नुसती रात्र असती तरी कदाचित.

आपल्याकडचं ठाऊक असलेलं उदाहरण २३ जून १९८०चं. दिल्लीत सफदरजंगला संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना नव्याने आलेल्या पिट्स एस-२ए या कसरतीच्या विमानात कमी उंचीवर कसरत करताना कोसळले. पिट्स हे अतिशय चपळ, बोटाच्या इशाऱ्यावर वळणारं विमान आहे. त्याची चपळाई अंगवळणी पडायला उंची लागते. नव्या विमानात खालून कुणाला काही करून दाखवू नका, हात हलवायलासुद्धा पंख झुकवू नका.

जुनं विमान विकत घेणार असाल तर

भारतात हा प्रश्न फारसा येत नाही, पण अमेरिकेत राहणारी काही मराठी मंडळी घरी बांधलेलं जुनं विमान दुसऱ्याकडून घेतात, कारण ते स्वस्त पडतं. एनटीएसबीने २०१२मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आदल्या वर्षी तपासलेल्या अशा अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं बांधणाऱ्याकडे नव्हती, दुसऱ्याने विकत घेतलेली होती. काही अपघात तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले.

बांधणाऱ्याला भेटा. मूळ आराखड्यात त्याने काय बदललं हे विचारा, आणि का बदललं हेही. खटक्यांवर खुणा नसतील तर उडण्याआधी स्वतः लावा. एखादी गोष्ट पट्टे लावून हाताशी येत नसेल तर ती हलवून घ्या, आणि ती हलवेपर्यंत विमान हँगरमध्येच राहू द्या. आरसा, उशी यांची मदत घेऊन जमवायचं असेल, तर ते विमान अजून उडायला तयार नाही असं माझं सरळ मत आहे.

आणि परत जुन्या विमानाकडे येताना

याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. चार महिने चेरोकी किंवा डायमंड उडवून तुम्ही पुन्हा ‘आपल्या’ १७२मध्ये बसता, तेव्हा तेही एका अर्थी नवंच विमान असतं. वेग आता जास्त वाटेनासा होतो, अप्रोच भरधाव येतो. पडद्याची सवय लागलेली नजर काट्यांवर अडखळते. घडीच्या चाकांवरून आलेल्याने ‘तीन हिरवे’ (चाकं बाहेर आल्याचे तीन हिरवे दिवे) शोधले तर हसू येईल, पण ती सवय मोडू नका, पुढच्या वेळी ती लागणार आहे.

कार्बोरेटरवाल्या विमानाकडे परत येणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावं. फ्युएल इंजेक्शन असलेल्या १७२एसमध्ये किंवा डिझेल डायमंडमध्ये कार्ब हीटचं बटणच नाही, म्हणून चार महिन्यांत हात ती विसरलेला असतो. दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश असतानाही, पॉवर कमी करून खाली येताना कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू शकतं. जुलैच्या कोकण किनाऱ्यावर हवा नेमकी तशीच असते. एक सर्किट इन्स्ट्रक्टरला शेजारी घेऊन मारा, आणि पॉवर मागे घेण्याआधी कार्ब हीट ओढली गेली की नाही हे त्याला बघायला सांगा.